कॅल्क्युलेटरवरची दोन बटणे

महोदय,

मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिच्या संख्याशास्त्राच्या पेपरची तयारी सध्या आम्ही दोघेही करतो आहोत. मी जन्मभर हिशेबाच्या कामात मुरलेला, बेरीज-वजाबाकीला घाबरणारा नव्हे. तरी परवा रात्री आठ साध्या आकड्यांनी आमचा पाऊण तास खाल्ला.

आकडे होते 2, 4, 4, 4, 5, 5, 7, 9. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचे माप, काढायचे. उत्तरसूचीत 2, मुलीचे 2.14. तीनदा पुन्हा करून पाहिले आणि ती रडकुंडीला आली. चूक तिची नव्हतीच. कॅल्क्युलेटरवर यासाठी दोन बटणे असतात. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज एक 8 ने भागते, दुसरे 7 ने, आणि मग वर्गमूळ काढते. हे आठ आकडे म्हणजेच सगळी समष्टी (ज्यांच्याबद्दल बोलायचे ते सगळे) असेल तर 8, मोठ्या समष्टीतून उचललेला नमुना असेल तर 7. यांतले काय, ते प्रश्नात लिहिलेच नव्हते!

‘एक कमी का गं?’ असे विचारले, तर म्हणाली, ‘सूत्रातच तसं आहे, बाबा.’ मग कागद घेतला. सरासरी 5. तिच्यापासूनची अंतरे लिहिली: उणे 3, तीनदा उणे 1, दोन शून्ये, मग 2. शेवटचे मी हाताने झाकले. तिने पटकन सांगितले, 4. सगळ्यांची बेरीज शून्य यायलाच हवी ना! म्हणजे मोकळी अंतरे सातच. ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ची व्याख्या ती दोन महिने घोकत होती, ती माझ्या तळहाताखाली निघाली.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. टी-टेस्टच्या (सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा, ते पाहणारी कसोटी) धड्याखाली सगळी गणिते टी-टेस्टची, काय-स्क्वेअरच्या (कोणत्या प्रकारात किती जण, अशा मोजणीसाठीची कसोटी) धड्याखाली काय-स्क्वेअरची. कोणती टेस्ट लावायची हे मुलांना ठरवावेच लागत नाही. ज्या गॉसेटने 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ही टी-टेस्ट मांडली, तो गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता. त्याच्यासमोरचे मोजके नमुने काही धड्याचे नाव लावून येत नसत.

म्हणून आम्ही 30 गणिते चिठ्ठ्यांवर उतरवली आणि मिसळली. सोडवायची नाहीत, फक्त टेस्ट ओळखायची. पहिल्या दिवशी 11 बरोबर. त्याच माणसांचा औषधाआधीचा आणि नंतरचा रक्तदाब तिने दोन वेगळे गट म्हणून धरला; खरे तर त्या प्रत्येक माणसाच्या जोड्या, त्यांची टेस्ट वेगळी.

पी-व्हॅल्यूचे तर विचारूच नका. 0.03 आली की ‘नल हायपोथिसिस (काही फरक नाही, हे गृहीतक) रिजेक्ट’ हे पाठ. पण 0.03 म्हणजे काय? ‘नल खरी असण्याची शक्यता 3 टक्के.’ साफ चूक. नल खरी धरून चाललो, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता 3 टक्के, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा पेपर काढणाऱ्यांना विनंती, की सूत्रांचा कागद प्रश्नपत्रिकेसोबतच द्या, आकडेमोडीचे थोडे गुण कापा आणि ‘हीच टेस्ट का?’ हे दोन ओळींत लिहायला लावा. आकडा तपासणे सोपे, वाक्य तपासायला वेळ जातो, हे मान्य. पण आज तपासला जातो तो बराचसा कॅल्क्युलेटरच.

पेपर पुढच्या आठवड्यात आहे. काल 30 पैकी 23 चिठ्ठ्या बरोबर आल्या. चुकलेल्या सातांपैकी पाच आधी-नंतरच्या जोड्यांच्याच.

— एका विद्यार्थिनीचे वडील