सिस्टर, आमची भीती घालवलीत!

प्रिय सिस्टर,

परळच्या आमच्या पाळणाघरातल्या सगळ्याजणींकडून तुमचे मनापासून आभार. नाइट ड्यूटी करून घरी न जाता तुम्ही बाळाचा सीपीआर शिकवायला थेट आमच्याकडे आलात, आणि वर मानधनाचा विषयही काढू दिला नाहीत.

बाळाला सीपीआर, म्हणजे श्वास-हृदय थांबलं तर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचा, म्हटलं की आमचे हातपाय गळायचे. एवढीशी छाती, दाबायची तरी कशी? पुरेसं खोल दाबलं की ‘टिक्’ वाजणारी ती तुमची बाहुली! आम्ही गाल कुरवाळावेत तसं दाबत होतो आणि ती ढिम्म. मग माझ्या हातांवर हात ठेवून तुम्ही दाबलंत: छातीच्या जाडीचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण ४ सेंटिमीटर. वाजली! दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तरच हृदयात पुन्हा रक्त भरतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला दोन बोटांची पद्धत माहीत होती. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ मध्ये सीपीआरच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांतून ती वगळली, हे तुमच्याकडून कळलं. आता दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन अंगठ्यांनी, नाहीतर एकाच तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबायचं, तेही कडक जागेवर. मिनिटाला १०० ते १२० चा वेग, ३० वेळा दाबलं की बाळाचं तोंड-नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकून २ श्वास. ‘एकोणतीस’ म्हणेपर्यंत आमची लय बिघडायची, तर तुम्ही एक ते दहा तीनदा मोजायला लावलंत. झकास युक्ती!

मावशींनी कांदा हुंगवण्याचं विचारलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. तळपायावर टिचक्या मारून हाक मारायची. प्रतिसाद नाही, श्वासही नीट नाही, तर एकीने लगेच दाबायला घ्यायचं आणि दुसरीने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा, असं शांतपणे समजावलंत. वाडिया हॉस्पिटल एवढं जवळ आहे, बाळाला उचलून पळतच का नाही जायचं, हा माझा प्रश्न. “पळताना छाती कोण दाबणार?” एवढंच म्हणालात. तिथे मी गप्प झाले.

आता पोरं घरी गेली की अधूनमधून आम्ही सराव करतो. दोघी नव्या आल्यात, त्यांचे हात अजून बिचकतात. बाहुली घेऊन एकदा या ना. या खेपेला मात्र जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमच्या,
पाळणाघरातल्या सगळ्याजणी