निळी रेघ

सुभाषनगर, कोल्हापूर
१८ जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी बाहेर गेलोय असं पोरानं सांगितलं. गेलो नव्हतो. समोरच बसलो होतो. शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी पत्र पुरतं वाच. तब्येती ठीक. माझी साखर होती तिथंच आहे, हिची कंबर थंडीत धरते. झालं.

श्रावणात मुंबईच्या एक बाई आल्या. पिशव्या, पट्टे, दागिने, सगळं ‘हातानं घडवलेलं’ विकतात. जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपली कोल्हापुरी चप्पल पोरांच्या पायात घातली, नाव मात्र नुसतं लेदर सँडल. त्यावरून बोंब झाली आणि तेव्हापासून आपल्या गल्लीत मोठ्या गाड्या यायला लागल्या. जन्मभर ‘पन्नास कमी करा’ म्हणणारे आता आमच्या आज्या-पणज्याची चौकशी करतात! तर बाईंनी कापशी चप्पल हातात घेतली. वेणी बघितली, कान बघितले, अंगठ्यात बोट घालून बघितलं. मग नाकाशी नेली आणि म्हणाल्या, “सगळं सुंदर आहे हो. फक्त हा वास नको.”

दीडशे जोड. अर्धे पैसे आगाऊ.

मी सांगून बघितलं. बाई, हा बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा वास, कातडं महिना महिना त्यात मुरतं, पायात घालून हिंडलं की जातो. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक डबा उघडतं तेव्हा पहिला वासच येतो. त्यांच्या डब्यात मोगऱ्याच्या अत्तराचा बोळा असतो म्हणे.

शाळेत आपल्याला शेवटच्या बाकावर का बसवायचे, ते तुला काय सांगू. तू लाल साबणाची अख्खी वडी अंगावर झिजवून आला होतास आणि गुरुजी म्हणाले होते, आज तुम्हा दोघांत एकाचाच वास येतोय. वर्ग हसला होता. लेका, तू पण हसला होतास, ते मी अजून विसरलेलो नाही.

मी क्रोमचं कातडं आणलं. बाहेरून, तयार. सालीत महिना खाणारं काम त्या रसायनात एक-दोन दिवसांत उरकतं. मऊ, एकसारखं, वास नाही. सबबी माझ्याकडं गाडाभर होत्या. २०१५ चा गोवंश हत्याबंदीचा कायदा आला आणि बैलाचं कातडं गेलं, म्हशीचं मिळतं ते महाग, कमावणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिली, पोराच्या टेम्पोचे हप्ते. पण पहिलाच तळ कापला आणि कडेला ती रेघ दिसली. वरून रंग तांबूस, आणि मधोमध निळसर राखाडी, पावसात भिजलेल्या पाटीसारखी. आबा कापलेल्या कडेला थुंकी लावून उजेडाला धरायचे, आठवतं? वरपासून खालपर्यंत एकच रंग असला तर साल आत पोचली. मधे फिकी रेघ दिसली की कातडं परत कुंडात. मी कडेला गडद रंग फासला. रेघ बुजली.

ही वेणी घालताना एवढंच म्हणाली, “रबर धरल्यागत वाटतंय.” मी ऐकलं नाही असं केलं.

माल गेला. बाई खूश. त्यांनी डब्यातलं कार्ड मला पाठवलं. वर लिहिलेलं, झाडांच्या सालींत कमावलेलं अस्सल चामडं. खाली जीआयची, म्हणजे कोल्हापुरीच्या भौगोलिक ओळखीच्या नोंदीची माहिती, २०१९, महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकाचे चार. बाईंना मी क्रोमचं सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. म्हणजे खोटं त्यांनी छापलं, पण बोललो मी.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. मागच्या मंगळवारी गडहिंग्लजकडचा एक म्हातारा आला. पटका, हातात पिशवी. पिशवीतून त्यातलाच एक जोड काढला. लेकानं मुंबईहून आणला म्हणाला, साडेसहा हजाराला. काही न बोलता त्यानं तळ अंगठ्यानं दाबला, वास घेतला, कानाशी नेऊन वाकवला. “तळात विंचू घातला न्हाई व्हय? करकर वाजत न्हाई.” मग कडेचा रंग नखानं खरवडला. तिथं ती रेघ. माझ्याकडं बघून विचारलं, “ही तुमच्याकडचीच न्हवं?”

मी नाही म्हणालो.

ही तिथंच बसली होती, मांडीवर वेणी. तिच्या हातची पाचपदरी वेणी म्हाताऱ्याच्या हातात आणि तसलीच वेणी हिच्या मांडीवर. म्हातारा दोन्हीकडं बघून गेला. रात्री ही म्हणाली, “चप्पल नाकारलासा, ते समजलं. वेणी बी नाकारलासा.” मर्दा, तीस वर्षांत ती एवढं लागेल असं कधी बोलली नव्हती.

हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? ८८ साली तू तळात पुठ्ठा घालून चार जोड केलेस आणि आबांनी ते रापीनं उभे चिरले, तेव्हा मी आबांच्या बाजूला उभा होतो. पोटच्या पोरानं फसवलं असं तेच म्हणाले, पण ‘गद्दार’ हा शब्द माझा होता. तू त्याच रात्री भोसरीची गाडी धरलीस. मी काय केलं? तुझा पुठ्ठा निदान पावसात भिजून खरं बोलला असता. माझी रेघ कुणी खरवडल्याशिवाय दिसत नाही.

तुझं कसं चाललंय? निवृत्तीचे पैसे हातात आले का? सूनबाईंचं बाळंतपण मार्चात ना? कळव.

पोरीनं आणखी एक गंमत केली. ती मुंबईत अत्तरांच्या मोठ्या दुकानात काउंटरला आहे हे तुला माहीत आहे. संक्रांतीला आली तेव्हा कागदाची पट्टी माझ्या नाकाखाली धरली. “ओळखा.” मी म्हटलं, आबांची खोली, पावसाळ्यात, चूल पेटलेली. ती हसायला लागली. बाटलीवर नाव ‘लेदर’, किंमत नऊ हजार. त्यात कातड्याचं काही नसतंय म्हणे, बर्च नावाच्या झाडाची साल तापवून काढलेल्या तेलानं तो वास आणतात. शेवटी सालच की रे! फ्रान्समधलं ते ग्रास गावही आधी कातडं कमावणाऱ्यांचंच. हातमोज्यांची घाण मारायला फुलांची अत्तरं लावायचे, पुढं मोजे मागं पडले आणि अत्तर राहिलं. २०१८ ला युनेस्कोनं त्यांची ती विद्या वारशाच्या यादीत घेतली. आणि आपण दोघं शेवटच्या बाकावर.

बाईंची दुसरी ऑर्डर आलीय. चारशे जोड, वास नको. पोरगा म्हणतो घ्या. डिसेंबरात प्राडानं महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, इथल्या आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड, एकेकाची किंमत आठशे युरोच्या घरात, तेव्हापासून त्याला रात्री झोप नाही. तो चुकीचा नाही. घरात पैसा लागतो. बाईंना अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही. फोन आला की मी बाहेर गेलेला असतो.

त्या दीडशेमधला एक जोड परत आला होता, माप चुकलं म्हणून. नऊ नंबर. तुझाच पाय. फळीवर ठेवलाय, हिनं त्यावर फडकं टाकलंय. आबांची रापी तूच नेलीस, हे मी सदतीस वर्षं म्हणतोय आणि तू नाही म्हणतोस. असेल तर घेऊन ये. माझ्या हातानं तो चिरवत नाही.

तुझा,
शिवा

ता. क. सायकलचे चाळीस रुपये मी दिले होते. मंगलवहिनींना विचार, त्या दारातच उभ्या होत्या.