चौथ्या नंबरची हवा

उद्यमबाग, बेळगाव
१४ डिसेंबर

प्रिय बंडोपंत,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत फोन मी आपटला होता, तेव्हा पत्रही मीच लिहायला हवे. फोन करण्याचे धैर्य झाले नाही, कारण पहिल्याच वाक्याला तू हसशील आणि माझी कबुली तिथेच अडकेल. कागदावर निदान शेवटपर्यंत जाता येते. तर ऐक. तुझे इंजेक्टर निर्दोष आहेत, चारही. जिप्सीचे आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचे मंद चालणे, बिघडले होते ते मी केलेल्या प्लेटमुळे. एवढे लिहायला मला दीड महिना लागला, यावरून माझ्या स्वभावात काही फरक पडलेला नाही हे तुला कळेलच.

प्रकृती ठीक आहे. साखर गोळीवर आटोक्यात आहे, गुडघा थंडीत कुरकुरतो. घरी सर्व कुशल.

आता मूळ गोष्ट. इंजिनात जादा हवा कोंबणारा ब्लोअर आणि ती हवा चारही सिलिंडरना वाटणारे मॅनिफोल्ड यांच्यामधल्या अडॅप्टर प्लेटचा नकाशा तू पाठवलास तेव्हा खाली लाल शाईने लिहिले होतेस, की शक्यतो एकाच ठोकळ्यातून काढ, आणि वेल्डिंग केलेच तर नंतर दोन्ही बाजू मिलिंगवर मारल्याशिवाय बसवू नकोस. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, म्हणजे वाचला नव्हता असे मला म्हणता येत नाही. ठोकळा महाग पडत होता म्हणून मी दोन तुकडे जोडले. वेल्डिंग संपले खंडेनवमीच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी सगळी यंत्रे हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बसलेली. त्या दिवशी मिलिंग मशीन चालू करणे म्हणजे आक्काच्या देखत देवघरात चप्पल घालून शिरण्यासारखे. पण दसऱ्याचा मुहूर्त मला सोडायचा नव्हता. म्हणून मी प्लेट कानशीने घासली. कानसही पूजेतच मांडलेली होती, ती मी आक्का आत गेल्यावर हळूच उचलली आणि काम झाल्यावर कुंकवाचे बोट लावून जागच्या जागी ठेवली. तीस वर्षांचा हात आहे, डोळ्याला पातळी कळते, असे मनाशी म्हणालो. अॅल्युमिनियम वेल्डिंगच्या तापाने ओढले जाऊन वाकडे होते, हे मी स्वतः किती पोरांना ओरडून शिकवले असेल!

दसऱ्याला गाडी सुरू झाली, फौंड्रीवाले काका नारळ घेऊन आले, बोनेटमध्ये डोकावले आणि म्हणाले, "अरे, हा तर आमच्या क्युपोलाचा ब्लोअर!" सगळे हसले, पण काका चुकले नव्हते. रूट्स बंधूंनी अमेरिकेतल्या इंडियानात १८६० साली या जातीच्या ब्लोअरचे पेटंट घेतले तेव्हा मोटारगाडीचा जन्मही झालेला नव्हता. पुढे त्याच ब्लोअरने भट्ट्यांना वारा घातला. आपण जिप्सीला बसवलेले एएमआर-५०० हे त्याच घराण्यातले धाकटे पोर, एका फेऱ्यात अर्धा लिटर हवा ढकलणारे. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी नारळाचा मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला.

त्या दिवसापासूनच इंजिन आयडलला थरथरत होते. मिनिटाला साडेआठशे फेऱ्यांवर बसायचे ते साडेसातशे ते अकराशे असे झोके घेई, आणि मध्येच एक ठोका चुकल्यासारखा हिसका देई. गाडी पळू लागली की काही नाही. सकाळच्या थंडीत सर्वांत वाईट, तापल्यावर थोडे बरे. त्या वेळी काय काय केले ते तुला फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळले आहे. बायपास व्हॉल्व्हच्या डायफ्रामला हातपंपाने व्हॅक्यूम देऊन पाहिला, तो धरून राहिला. इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलला. ब्रेक बूस्टरची नळी चिमटून पाहिली. प्लगचा गॅप एक मिलिमीटरच्या वर होता तो ०.७ वर आणला. पट्ट्याची रांग तपासली. कार्ब क्लीनरचा अर्धा डबा सगळ्या सांध्यांवर मारला, गळती असती तर आयडल हलले असते, पण ते कुठेच हलले नाही. मग चौघांचे प्लग काढले. पहिले तीन काजळीने काळे, चौथा पांढराफटक. एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहिला, तर पहिल्या तिघांना इंजिन खाली बसे, चौथ्याचा काढला तरी त्याला पत्ता लागत नसे. झाले, चौथा इंजेक्टर चोंदलेला आहे असा निकाल मी दिला, आणि चारही तू रत्नागिरीत साफ करून, तपासून एस.टी.च्या पार्सलने पाठवलेले असल्यामुळे आरोपीही ठरला.

तेव्हाच तू फोनवर म्हणाला होतास, की कुठे तरी हवा ओढते आहे. त्यावर मी जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही. माझा युक्तिवाद असा होता, की जिप्सीत हवेचे वजन मोजणारा सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधला दाब सांगणारा मॅप सेन्सर आहे. हवा चोरून आत आली तर दाब वाढतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या मानाने पेट्रोल वाढवतो, आणि आयडल चढते, मिस होत नाही. हे खरेच आहे, पण अर्धेच खरे आहे. पेट्रोल चौघांना सारखे वाढते, चोरटी हवा मात्र ज्या सिलिंडरच्या दारात भोक आहे त्याच्याच घरात शिरते. मग तिघे जास्तीच्या पेट्रोलने काळे पडतात आणि चौथा उपाशी राहून पांढरा. माझ्या हातातले चार प्लग हेच सांगत होते आणि मी ते तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून नाचवत होतो.

आणि तो व्हॅक्यूम गेजचा वाद! तू म्हणायचास काटा अठराच्या वर हवा, मी म्हणायचो सोळा पुष्कळ. अरे, तू समुद्राकाठी बसला आहेस आणि मी अडीच हजार फुटांवर. हजार फुटांना साधारण एक इंच पारा कमी होतो, तेव्हा आपण दोघेही आपापल्या गावी बरोबर होतो. दोन इंचांसाठी आपण चाळीस मिनिटे भांडलो, आणि काटा पंधरावर ठरावीक लयीत टुचुक टुचुक खाली येतो आहे, म्हणजे एकच सिलिंडर चुकतो आहे, हे सांगायचे मी विसरलो. विसरलो म्हणजे तूच जिंकशील म्हणून सांगितले नाही.

इंजेक्टर अदलाबदल करून पाहायचे तेव्हाच राहिले, कारण इंजेक्टरची रेल ब्लोअरच्या पोटाखाली आहे आणि ते सगळे उतरवायला एक दिवस जातो. गेल्या रविवारी तो दिवस काढला. चौथा इंजेक्टर दुसऱ्याच्या जागी, दुसरा चौथ्याच्या जागी. गाडी चालवली, प्लग काढले. पांढरा चौथाच. पाना हातात घेऊन मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. आमच्या पोराने कन्नडमध्ये विचारले, चहा सांगू का. बहुधा माझा चेहरा तसा झाला असावा.

मग धूर केला. हिच्या जुन्या कुकरमध्ये निखारे आणि ऊद घातला, शिट्टीच्या जागी नळी बसवली, सायकलच्या पंपाने हलके हलके धूर मॅनिफोल्डमध्ये सोडला आणि थ्रॉटलचे तोंड चिंधीने बंद केले. शेडमध्ये गुरुवारच्या आरतीसारखा वास सुटला. आधी काहीच दिसेना. मग ते पोर बॅटरी घेऊन फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीच्या, फटीत डोके घालून ओरडले, "गाळी, गाळी!" इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेले असल्यामुळे चौथा सिलिंडर तिकडे अगदी भिंतीला टेकलेला, आणि प्लेटच्या त्याच कोपऱ्याखालून, जिथे माझ्या स्प्रेची नळी कधी पोचलीच नाही, तिथून उदाची बारीक निळसर रेघ वर चढत होती. किती सुंदर दिसत होती म्हणून सांगू, आणि किती लाज वाटली.

प्लेट काढून स्ट्रेट एजवर ठेवली. आठ थाऊचे, म्हणजे इंचाच्या आठ हजारांशांचे, फिलर गेज न अडखळता आत गेले. आयडलला मॅनिफोल्ड सर्वांत जोराने ओढते आणि थ्रॉटलमधून हवा येते अगदी थोडी, म्हणून एवढीशी फट तिथे राजा होते. ब्लोअर दाब धरू लागला की तीच फट बाहेरच्या बाजूला फुसफुसते, आणि पट्ट्याच्या आवाजात ते कोण ऐकतो? सोमवारी दोन्ही बाजू मिलिंगवर मारल्या, नवे गास्केट घातले. आता आयडल साडेआठशेला, काटा सोळावर स्थिर. बेळगावचे सोळा, हे लक्षात घे.

हसलास ना? आंबोलीच्या घाटात तुझ्या दादांच्या येझदीला मी तास दीड तास पेट्रोलची भेसळ म्हणून शिव्या घालत होतो, आणि तू कार्बुरेटरच्या बुडाचे गास्केट फाटलेले काढलेस. खिशातल्या लग्नपत्रिकेचे नवे कापलेस. मामांच्या लग्नाला आपण पोचलो तेव्हा वधूपक्षाचे नाव फ्लँजवर उलटे उमटले होते. तेव्हाही हवाच होती. तेव्हाही मी ऐकले नव्हते.

पण पत्र केवळ माफीसाठी लिहिलेले नाही. खरी काळजी पुढेच आहे, आणि ती मी इथे कोणाला सांगितलेली नाही. फोन आपटल्यावर त्याच रात्री मी पिगीबॅकवर, म्हणजे ईसीयूला जोडलेल्या जादा डब्यावर, तुझा मॅप उघडला; मॅप म्हणजे सेन्सर नव्हे, कुठल्या दाबाला किती पेट्रोल द्यायचे त्याचा तक्ता. तीन प्लग काळे आहेत म्हणजे तू पेट्रोल जास्त ठेवले आहेस असे ठरवून मी सहा टक्के कमी केले. आयडलच्या घरांतच नव्हे, सगळीकडे, दाबाच्या घरांतही. रागाने केले, दुसरे काही कारण नाही. आणि त्या मॅपवर मी एकदा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटापर्यंत जाऊन आलो. हो, मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मला माहीत आहे, त्याचे व्याख्यान भेटीत दे. परतीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये, बूस्ट पाच पीएसआयच्या पुढे गेला तेव्हा फुटाणे तडतडावेत तसा आवाज आला, पेट्रोल कमी पडून सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होतो आणि पिस्टनला मार बसतो तसा. मोजून तीन-चार सेकंद. मी पाय काढला. मग खिडकीची काच वाजली असेल असे स्वतःला समजावले, आणि घरी येईपर्यंत ते मला पटलेही.

आता तुझा मूळ मॅप परत घातला आहे आणि आवाज नाही. सिलिंडर किती दाब धरतात ते, म्हणजे कॉम्प्रेशन, पाहिले: १६२, १६५, १६३ आणि चौथ्याचे १५८. फरक मोठा नाही, हे मला कळते. पण चौथ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिऱ्याची पूड शिंपडावी तसे ठिपके आहेत, आणि त्यांतला एक मला चकाकल्यासारखा वाटतो. काजळीचा असेल तर देव पावला. पिस्टनच्या अॅल्युमिनियमचा असेल तर हेड उघडावे लागेल. रात्री जाग आली की मी तोच ठिपका डोळ्यांपुढे आणतो. रोज सकाळी भिंगाने पाहतो, आणि मला जे हवे तेच दिसते. त्यामुळे माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढे कानशीच्या प्रकरणानंतर ठरवले आहे.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? चिमीची बारावी या वर्षी ना? कलमांना मोहर आला की कळव, गेल्या वर्षीची पेटी कोणी संपवली हे आक्का अजून काढते.

सोबतच्या डब्यात वर कुंदा आहे, तो घरच्यांसाठी. खाली कापसात गुंडाळून चौथा प्लग ठेवला आहे. त्याला पुसू नकोस. दिवसाच्या उजेडात, तुझ्या मोठ्या भिंगाखाली बघ, आणि जे दिसेल ते फोनवर सांग. मी मधे बोलणार नाही. तोवर गाडी शेडमध्ये आहे, किल्ली आक्काकडे दिली आहे.

तुझा,
नाना