होडीचं नाक आणि हतनूरचं पाणी

भुसावळ
ता. ४ मार्च

प्रिय रमेशभाऊ,
राम राम.

तू मासेमारीसाठी करून घेणार आहेस त्या फायबरच्या होडीचा फोटो मिळाला. होडी देखणी आहे, वाद नाही. पण तिचं उंच, टोकदार नाक समुद्रासाठी आहे. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेतून होडी बाहेर काढायची, तर पुढचं टोक उंचच लागतं. हतनूर धरणाच्या फुगवट्यात तशी लाट कुठली? तिथे आहे गाळ, उन्हाळ्यात उतरणारं पाणी आणि मे-जूनचा आडवा वारा. उंच नाक तो वारा शिडासारखं धरतं. वल्ही मारणारा सरळ जायला बघतो आणि होडी तोंड फिरवते. जाळं ओढताना तर हे फारच जाचतं.

मापं अशी ठेव: लांबी १८ फूट, वरची रुंदी साडेचार फूट, तळाची साडेतीन फूट, बाजूची उंची १८ इंच. या तळाला १ इंच बुडायला साधारण १०० किलो लागतात. होडी १५० किलो, दोन माणसं १३०, जाळं-मासळी १२० धर, म्हणजे ४ इंच पाण्यात आणि १४ इंच वर. काठ याहून उंच केलास, तर तो रुबाबदार दिसेल, पण दिवसभर फासजाळं (मासळी कल्ल्यांत अडकवणारं जाळं) उचलणाऱ्याची कंबर जाईल.

तळ मागे सपाट, पुढच्या एक तृतीयांश भागात खाली थोडा निमुळता, इंग्रजी V सारखा. पूर्ण निमुळता तळ वेगाने जाताना छान पाणी कापतो, पण उभ्या होडीत माणूस काठाकडे सरकला की ती डोलते. आपलं निम्मं काम उभ्या होडीतच असतं. पूर्ण सपाट केलास तर वाऱ्याच्या आखूड लाटांवर ती आपटते आणि पुढचे थर तडकतात.

काठाबद्दल मात्र हट्टी राहा. चकचकीत नळ्या, बोल्टची डोकी, शोभेच्या पट्ट्या काही नको, नायलॉनचा फास तिथेच अडकतो आणि फाटतो. काठ ३ इंच रुंद, गोल आणि गुळगुळीत असू दे. दोर बांधायची कडी आतल्या बाजूला. आतली फरशी मात्र गुळगुळीत नको. रेझिनच्या (फायबरचे थर चिकटवणाऱ्या द्रवाच्या) शेवटच्या हातावर बारीक चाळलेली वाळू भुरभुरवायला सांग. जाड वाळूने जाळ्याचा धागा घासतो.

फायबरचे थर चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या काचतंतूंच्या मॅटचे: तळाला ५, बाजूंना ३. एक थर साधारण १ मिलिमीटर होतो. मॅटच्या अडीच पट वजनाचं रेझिन धर. कारागीर जास्त ओततो, कारण वरून झळाळी येते. नुसतं रेझिन ठिसूळ असतं आणि पाण्याखालच्या झाडाच्या बुंध्यावर आदळलं की तडकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काम पहाटेच उरकावं, रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या १ टक्क्याच्या आसपास ठेवावा. दुपारी नेहमीचाच २ टक्के टाकला तर बादलीतच गोळा होतो, आणि रोलरने हवा काढायला वेळ मिळत नाही. ते बुडबुडे पुढे पाणी पितात.

तरंगण्यासाठी बाकाखाली आणि बाजूंना वरच्या अंगाला मिळून १५० लिटर पीयू (पॉलियुरेथेन) फोम भर. थर्माकोल स्वस्त, पण ओलं रेझिन लागलं की ते विरघळतं. फोम फरशीखाली कोंबू नकोस. होडीत पाणी भरलं की तोच फोम तळ वर उचलतो आणि होडी पालथी होते.

इंजिन नंतर लावणार असलास तरी मागची फळी आत्ताच दीड इंची मरीन प्लायची, १५ इंच उंचीची करून घे. प्लायच्या सगळ्या कडा फायबरने झाकून, भोकं रेझिनने बंद. एक भोक उघडं राहिलं की दोन पावसाळ्यांत आतून भुसा होतो, बाहेरून काही दिसत नाही.

सौंदर्य हवंच ना? मग काठाला पुढे ४ इंचांचा हलका चढ दे. एवढ्याने वारा धरत नाही, पाण्याचे शिंतोडेही थोडे अडतात. रंग तुझ्या मनाचा. फक्त आत फिकट राखाडी, कारण पांढरा डोळ्यांवर येतो आणि गडद रंगावर दुपारी अनवाणी पाय टेकत नाही.

ताब्यात घेण्याआधी दोन माणसं एकाच काठाशी उभी कर. पाणी आणि काठ यांत चार बोटंही उरली नाहीत तर पैसे देऊ नकोस.

तुझा,
विलास