एक शून्य कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जैसलमेरच्या ‘थारोसॉरस इंडिकस’ची बातमी परवाच्या अंकात चांगली चार कॉलम दिलीत, त्याबद्दल आधी आभार. त्याच्या कुळातला भारतात सापडलेला हा पहिलाच, एवढे तरी बरोबर छापले. मथळ्यात मात्र ‘१६७ लाख वर्षांपूर्वीचा डायनासोर’! अहो, एक मिलियन म्हणजे दहा लाख. १६७ मिलियनचे होतात १६ कोटी ७० लाख. डायनासोर नामशेष झाले त्यालाच ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. तुमच्या हिशेबाने हा एकटाच पुढे जवळजवळ पाच कोटी वर्षे थारमध्ये हिंडत होता म्हणायचा.

माझी नात सहावीत आहे. काल परिपाठाला बातमी वाचायची पाळी तिची होती, म्हणून मी आदल्या रात्री कात्रणावर पेनाने आकडा दुरुस्त करून दिला. ती ‘सोळा कोटी सत्तर लाख’ म्हणाली मात्र, बाईंनी कात्रण हातात घेतले, माझी खाडाखोड पाहिली आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या, “पेपरात छापून आलेलं आपण बदलायचं नसतं.” पोरीला पुन्हा ‘१६७ लाख’ वाचायला लावले. घरी आल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. बत्तीस वर्षे बँकेत काढली मी. एक शून्य इकडचे तिकडे झाले तर टॅली लागेपर्यंत कोणी खुर्चीवरून उठत नसे. तुमच्याकडे बहुधा सहा वाजता दिवे मालवतात.

चित्राबद्दल काय बोलावे? हा प्राणी पाला खाणारा, लांब मानेचा. शास्त्रज्ञांनी मान, पाठ, शेपटीच्या मणक्यांच्या खाचाखोचा तपासून त्याचे कूळ ठरवले, आणि तुम्ही छापलात सुळे दाखवणारा मांसाहारी! त्यापेक्षा चंद्रपूरकडच्या डोंगरगावचा ‘इसिसॉरस’ छापायचा. तोही पाला खाणारा, शिवाय महाराष्ट्रातला. बदलीवर चार वर्षे त्या भागात होतो, तिथे कोणाच्या तोंडून त्याचे नाव ऐकले नाही. का, ते आता कळले.

शुद्धिपत्र छापाल ते नेहमीसारखे निधनवार्तांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत नको. कात्रण काढता येईल एवढे छापा, नातीला ते शाळेत न्यायचे आहे.

आणि शनिवारच्या शब्दकोड्याचे उत्तर अजून आलेले नाही. सात उभे अडले आहे.

– एक जुना वाचक, नौपाडा, ठाणे