जुनं लुगडं, रिकामी रिळं आणि रविवारचे दोन तास हवे आहेत

समस्त गावकरी, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यासाठी नागपूर-पुण्याकडे गेलेल्या गावच्या लेकरांना ग्राम आरोग्य समितीचा नमस्कार.

पोळ्यानंतरच्या रविवारपासून दिवाळीपर्यंत, दर रविवारी दुपारी, आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात एक वर्ग चालवायचं समितीनं ठरवलं आहे. विषय आहे आपलं शरीर आणि त्याची काळजी. सहावी ते दहावीची मुलं-मुली, बचत गटाच्या बाया, फवारणीला जाणारे गडी, कोणीही यावं. पाठांतर नाही, परीक्षा नाही. सगळं हातानं करून पाहायचं. त्यासाठी मदत हवी आहे, पैशाची थोडी आणि वस्तूंची जास्त.

सभेत पहिला प्रश्न आला, "प्लास्टिकचा सांगाडा विकत का नाही आणत?" आणता येईल. पण असा सांगाडा आला की तो कपाटात जातो, कपाटाला कुलूप लागतं आणि साहेब तपासणीला आले की तेवढ्यापुरता बाहेर निघतो. आम्हाला मोडला तरी चालेल असा सांगाडा हवा, म्हणून तो पऱ्हाटीचा करणार. काड्या धुऱ्यावर पडल्याच आहेत, सुतळी घरोघरी आहे. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. तेवढी सगळी करायचा हट्ट नाही, पण पाठीचा कणा मात्र नीट करायचा. मानेपासून कमरेपर्यंत २४ सुटे मणके, म्हणून दोऱ्याची २४ रिकामी रिळं. दोन मणक्यांमधल्या गादीच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या चकत्या, मधून ओवलेली दोरी म्हणजे मज्जारज्जू. हा कणा हातात धरून वाकवला की कापसाचं गाठोडं कमरेतून वाकून उचलताना गादी कुठं चेपते आणि गुडघ्यात बसून उचललं तर काय वाचतं, हे बोटांनाच कळतं. आपल्या बाया वर्षानुवर्षं कंबर दुखते म्हणून सांगतात. गोळी सगळ्यांनी दिली, कंबर आतून कशी असते ते कोणी दाखवलं नाही.

लुगडं कशासाठी, असं बऱ्याच जणींनी विचारलं. लहान आतडं सुमारे सहा मीटर आणि मोठं दीड मीटर, मिळून साडेसात. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या आसपास भरतं. ते आधी व्हरांड्यात लांब पसरायचं आणि मग पोटाएवढ्या टोपल्यात घड्या घालून बसवायचं. हृदयासाठी दोन बादल्या आणि टपरीवरचा चहाचा लहान ग्लास पुरतो. एका ठोक्याला हृदय साधारण ७० मिलीलीटर रक्त पुढं ढकलतं, म्हणजे तो ग्लास भरून. मिनिटाला ७० ठोके धरले तर पाच लिटरच्या घरात. पोरांनी एका बादलीतून दुसरीत एका मिनिटात ७० ग्लास ओतून दाखवायचे. समितीच्या बैठकीत दोन धट्टीकट्टी पोरं यात पार दमली आणि निम्मं पाणी सरपंचांच्या चपलांवर गेलं. नाडीही डोळ्यांनी दिसते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, ठोका लागतो तिथं, कणकेची बारीक गोळी चिकटवायची आणि तिच्यात अगरबत्तीची काडी खोवायची. हात स्थिर ठेवला की काडी ठोक्यागणिक हलते. बाटली आणि फुग्याचं फुप्फुस बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे, ते लेकरं आपलं आपण करतील. खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणून चार कप्पे उघडून पाहायचाही बेत आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी त्या दिवशी खुशाल घरी राहावं.

आता खरं काम. २०१७ चा हंगाम आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर भिंती रंगल्या, पत्रकं वाटली गेली, मास्क आले. तरी आजही गडी बनियनवर फवारतो, कारण औषध अंगावर किती उडतं हे त्याला दिसत नाही. ते दाखवायचं आहे. कोरा पंप घ्यायचा, त्यात पाणी आणि कपड्याची नीळ टाकायची, पांढरा शर्ट-पायजमा घातलेल्या एका गड्यानं तुरीच्या ओळीतून वाऱ्याच्या तोंडावर फवारत जायचं. मग सगळ्यांनी मिळून त्याच्या अंगावर निळे डाग शोधायचे. मानेवर किती, काखेत किती, मांडीवर किती, टाकीच्या झाकणातून पाठीवर किती गळलं. दुसऱ्या फेरीत वारा पाठीशी घ्यायचा, झाकण नीट आवळायचं आणि दोन्ही शर्ट दोरीवर शेजारी-शेजारी वाळत घालायचे. विष नाकातोंडातून जातं तसं कातडीतूनही आत जातं, हे त्या दोरीखाली उभं राहून सांगितलं तर पटेल. पंप मात्र कोराच हवा. कितीही धुतलेला असला तरी वापरलेला पंप वर्गात येणार नाही, यावर समितीत वाद झाला आणि तो कायमचा मिटला.

सापाचंही तसंच. आवळून बांधू नका, कापू नका, रक्त चोखू नका, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. प्रत्यक्ष कोणाला चावला की पहिला हात डोक्याच्या रुमालाकडं जातो आणि पायाला तो करकचून आवळला जातो. म्हणून सराव. जोडीजोडीनं बसायचं, एकानं चावल्याचं सोंग घ्यायचं, दुसऱ्यानं त्याला धीर देत आडवं करायचं, पाय हलू नये म्हणून तुराट्यांची मोळी दोन्ही बाजूंनी लावून धोतराच्या पट्टीनं सैलसर बांधायची आणि १०८ ला फोन करून नेमकं ठिकाण कसं सांगायचं तेही बोलून पाहायचं. नंतर बांबू आणि पोत्यांच्या झोळीतून त्याला शेतातून डांबरी रस्त्यावर आणायचं, घड्याळ लावून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर दवाखान्यात विष उतरवणारं एकच इंजेक्शन चालतं. त्यामुळं साप शोधून मारून सोबत नेण्यात वेळ घालवायचं कारण नाही. मण्यार रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दंश जाणवतही नाही, तेव्हा पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तर काय समजायचं, हेही यात येईल.

छाती दाबून हृदय चालवायचा सराव जुन्या शर्टात कापूस आणि बाटली भरून केलेल्या बाहुल्यावर होईल. दाब पाच सेंटिमीटरच्या थोडा वर, वेग मिनिटाला १०० ते १२०. वेग चुकू नये म्हणून भजनी मंडळातल्या खंजेरीवाल्यांना बोलावलं आहे, ते हो म्हणाले आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आजारात गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. ते दाखवायला पारदर्शक नळीत आधी गोल मणी सोडायचे, मग तारेचे वाकडे तुकडे. ते अडकले की सांधे का दुखतात ते समजतं. आईबाप दोघंही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार पुढं देऊ शकणारे, असतील तर प्रत्येक बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक, हे दोन रंगांच्या बटणांनी करू. कोणाच्या घरी कोणाला आहे, हा विषय वर्गात निघणार नाही.

हातानं शिकवायचं हे खूळ आमचं नाही. १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीम मांडली ती शेजारच्या वर्ध्यातच.

तर जुनी लुगडी-धोतरं, दोऱ्याची रिळं, फाटक्या ट्यूबा, बटणं, मणी, बादल्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणा. पैशातून एक पंप, दंडावर बांधायची बीपीची दोन यंत्रं, थर्मामीटर आणि बँडेज घ्यायचे आहेत. पन्नास रुपयेही चालतील, पावती मिळेल आणि हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. माणसं तर हवीतच. गावात येणारी सिस्टर आणि आशाताई आहेतच, पण निवृत्त कंपाउंडर, नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या पोरी, सेवाग्राम-यवतमाळ-नागपूरला डॉक्टरकी करणारी पोरं सुट्टीला आली असतील तर एक रविवार द्यावा. भाषण नको, शेजारी बसून हात धरून शिकवा.

वस्तू मारुतीच्या पारासमोर वाचनालयात, संध्याकाळी सहा ते आठ. कपडे धुऊन आणावेत. आणि बाटल्या देताना एवढं लक्षात ठेवा, फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली किंवा डबा एकही घेतला जाणार नाही, दहादा धुतलेला असला तरी.