पक्या, दाढ दुखायची थांबली म्हणून नाचू नको

इंदूर, रविवार रात्र

प्रिय पक्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून शेवटी टाइप करत बसलोय. वहिनी म्हणाल्या तू शुक्रवारची अपॉइंटमेंट कॅन्सल केलीस, का तर दाढ दुखायची थांबली. आणि वर मला मेसेज, "विन्या, लवंग जिंदाबाद, पैसे वाचले". अरे भिया, थांबली म्हणूनच तर आता रूट कॅनलला जायचंय.

तूच सांगितलेलं आठवून बघ जरा. आधी थंड पाण्याने नुसती झिणझिण, मग ती कळ पाणी गिळून झालं तरी मिनिट-दोन मिनिटं रेंगाळायला लागली, मग चहाने ठणका, मग काही न खाता-पिता आपोआप, आणि आडवं झालं की दुप्पट. दाताच्या मधोमध पोकळी असते, तिच्यात नस आणि बारीक रक्तवाहिन्या, डॉक्टर त्याला पल्प म्हणतात. कीड तिथवर पोचली की पल्प सुजतो पण त्याला फुगायला जागाच नाही, चारी बाजूंनी टणक दात. आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि आत आणखी दाब, म्हणून तू रात्री दोन वाजता थंड पाण्याची गुळणी तोंडात धरून व्हरांड्यात येरझारा घालत होतास. आणि मग एका सकाळी सगळं शांत. ती शांतता म्हणजे बहुतेक नस मेली. जंतू तिथेच आहेत, आता मुळाच्या टोकातून हाडात उतरतील, सावकाश, काही कळणारही नाही तुला. एक्सरेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते ती हीच.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझी खालची डावीकडची दाढ अशीच गप्प झाली होती आणि मी पण तुझ्यासारखाच खूश, सात महिने. मग अनंत चतुर्दशीच्या दिवशी दुपारपासून गाल चढायला लागला. रात्री घरचे सगळे झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला गेले, आणि मी रामबागेत एकटा, टॉवेलात बर्फ गुंडाळून गालाला लावून, लांबून ढोल ऐकत. दुसऱ्या दिवशी केमिस्टकडून अँटिबायोटिकची स्ट्रिप आणली, आपल्या मनानेच, तीन दिवसांत सूज उतरली आणि मी परत डॉक्टरला टाळलं! नंतर कळलं की गोळीचं औषध पोचतं रक्तातून, आणि मेलेल्या नसेत रक्तच जात नाही. आजूबाजूची सूज बसते, पण आतली घाण जशीच्या तशी. ती हाताने साफ करावी लागते, आणि रूट कॅनल म्हणजे तेवढंच आहे. साफ करायचं, धुवायचं, बंद करायचं.

तुला सुईची भीती आहे हे मला शाळेत असल्यापासून माहितीये. खालच्या दाढेला सुई मागे जबड्याच्या कोपऱ्यात देतात, चिमटा बसल्यासारखं होतं आणि दहा मिनिटांत अर्धा ओठ जड, दुसऱ्याचाच वाटतो. छाती जरा धडधडली तर घाबरू नको, बऱ्याचदा त्यात अ‍ॅड्रेनलिन असतं, पण बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांग. आणि हे नीट वाच, दाढ फारच चिडलेली असेल तर एका सुईने कधीकधी बधिर होत नाही. मग शूरपणा करून सोसत बसू नको, डावा हात वर कर, आणखी एक देतात. माणसं सोसतात आणि मग आयुष्यभर जगाला सांगत फिरतात की रूट कॅनल म्हणजे यमयातना.

मग तोंडावर निळं रबर ताणून बसवतात, रबर डॅम, त्यातून फक्त तेवढा एक दात बाहेर डोकावतो. गुदमरेल असं वाटतं पण नाकाने श्वास घेता येतो. न लावणारे पण असतात, तर तू स्वतःहून विचार, त्याने लाळेतले जंतू दातात जात नाहीत आणि बारीक हत्यार घशात जायची भीती राहत नाही. ओठाला एक छोटा हूक अडकवतात आणि आत सुईसारख्या फाइल्स घालतात, फाइल मुळाच्या टोकाशी यायला लागली की मशीन टीं टीं करतं, अगदी गाडी रिव्हर्स घेताना वाजतं ना तसं. मला त्या अवस्थेत हसू आलं होतं. मध्येच बाथरूम धुतल्यासारखा वास येतो, ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, त्यानेच आतले जंतू मरतात. शेवटी त्या नळ्यांमध्ये गुलाबीसर काड्या भरतात, गटापर्चा, झाडाचा चीक असतो तो रबरासारखा. १८५१ मध्ये इंग्लंड-फ्रान्समध्ये समुद्राखालून तारेची केबल टाकली तिच्यावर पण ह्याचंच वेष्टण होतं, पाणी शिरू नये म्हणून. मला ही गोष्ट फार आवडली, तुला नसेल आवडली तर सोड.

खालच्या दाढेत बहुतेक तीन नळ्या असतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी एक इतकी बारीक असते की सुटून जाते, आणि सुटली की तिथून परत इन्फेक्शन. म्हणून दाढेसाठी जमलं तर एंडोडोन्टिस्ट गाठ, म्हणजे त्यातच एमडीएस, दातांची वरची डिग्री, केलेला. साधा बीडीएस, म्हणजे पहिल्या डिग्रीचा डॉक्टर पण करतो आणि खूप जण छान करतात, तरी विचारायला काय जातं, नळ्या किती सापडल्या, भरल्यावरचा एक्सरे दाखवा. चांगला डॉक्टर स्वतः स्क्रीन वळवून दाखवतो. खर्चाचं म्हणशील तर इथलं सरकारी डेंटल कॉलेज आहे, बरंच स्वस्त, फक्त चकरा जास्त आणि वेळ हाताशी पाहिजे. झाल्यावर दोन-तीन दिवस चावताना दुखतं. तू म्हणशील नसच काढली तर दुखतं काय, तर दाताभोवतीचा जो पडदा त्याला हाडात धरून ठेवतो तो जिवंतच असतो. सूज आली किंवा ताप आला तर मात्र लगेच फोन.

आता माझा खरा गाढवपणा ऐक. त्या डावीकडच्या दाढेचं शेवटी रूट कॅनल झालं, वर टेम्पररी सिमेंट, डॉक्टरने कागदावर लिहून दिलं की पंधरा दिवसांत कॅप, म्हणजे दातावरची टोपी. मी गेलोच नाही. दुखत नव्हतं ना! चार महिन्यांनी संध्याकाळी शेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, खात टीव्ही बघत होतो, त्यात एक फुटाणा कडक निघाला आणि "कट्". दुखलं अजिबात नाही, फक्त जिभेला एक धार लागली. कीड आणि साफसफाई मिळून दाढ पोकळ झालेली असते, वर टोपी नसेल तर चावण्याच्या जोराने उभी चिरते. माझी चीर थेट मुळापर्यंत गेली होती, त्याला मग काही इलाज नाही, काढावीच लागली. रूट कॅनलचे पैसे पण गेले आणि इम्प्लांटचे, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताचे, त्याच्या कितीतरी पट. उजवीकडची मग शहाण्यासारखी कॅपसकट केली, तिने मी हिवाळ्यात सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, हाणतो.

तुझे मामा म्हणतात ना की मेलेला दात तोंडात ठेवला की सगळ्या शरीराला रोग लागतो, ते शंभर वर्षांपूर्वीचं खूळ आहे, वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने पसरवलं होतं, पुढच्या संशोधनात टिकलं नाही. "त्यापेक्षा काढूनच टाक" म्हणणाऱ्यांचं पण ऐकू नको. रिकाम्या जागेत शेजारचे दात कलतात आणि त्याच्यावर टेकणारा विरुद्ध जबड्यातला दात लांब व्हायला लागतो. हां, दात खरंच वाचण्यासारखा नसेल, चीर गेलेली असेल, तर काढणंच बरोबर, ते डॉक्टर सांगेल. अण्णांना पण एकदा दाखवून घे. त्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, तशा माणसाला दात काढण्यापेक्षा रूट कॅनल कमी रक्ताचं काम. पण गोळ्या कोणी आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि तुझी शुगर, ती वाढलेली असेल तर जखम लवकर भरत नाही, ताजा रिपोर्ट बरोबर आण.

मी गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतलीये, माझ्याच डॉक्टरकडे. देवासहून नऊला निघ. घरी पोहे खा, शुगरची गोळी घे आणि मगच खुर्चीत बस, कारण नंतर दोन-तीन तास तोंड बधिर असतं आणि जेवायला गेलास तर स्वतःचाच गाल चावशील. परतीची घाई करू नको, रात्री इथेच राहा, हिने मऊ खिचडी करायचं कबूल केलंय. वहिनींना मेसेज केलाय, त्या तुला गाडीत बसवूनच मला फोन करतील.

तुझा,
विन्या

ता.क. लवंगेने बरं वाटतं ते खरंय, तिच्यातलं युजेनॉल दात बधिर करतं, डेंटिस्टच्या काही टेम्पररी सिमेंटमध्ये पण तेच असतं. पण बाटलीतलं तेल हिरडीवर ओतू नको, भाजतं. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवायची ती तुझी आयडिया तर अजिबात नको, माझ्या साडूने केलं होतं, गालाची आतली कातडी पांढरी होऊन निघाली.